जुनी पाँटून बोट स्वतः दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न लोक पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून बऱ्याच अंशी त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. आधी साधे, पुढे अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात परत सांगितलेली नाही, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पाँटून बोट दुरुस्त करायला साध्या बोटीपेक्षा सोपी असते म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. दोन, कधी तीन, बंद अल्युमिनियमच्या नळ्या. त्यांवर आडवी चॅनेलं, म्हणजे अल्युमिनियमच्या पन्हळीसारख्या पट्ट्या. चॅनेलांवर प्लायचा डेक. डेकवर रेलिंग आणि बाकं. एवढीच हिची रचना. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरेस यांनी लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून त्यांवर लाकडी फलाट ठोकला. तेव्हापासून मूळ कल्पना फारशी बदललेली नाही. वरचा प्रत्येक थर नटबोल्टांनी बसवलेला असतो, त्यामुळे सुटा करता येतो, आणि सुतारकामाची सवय असलेल्या माणसाला त्यातलं बहुतेक काम जमतं.

उरतात त्या नळ्या, आणि बोट तरंगते ती त्यांच्यावरच. म्हणून काम नेहमी खालून वर करायचं. लोक नेमकं उलटं करतात. आधी बाकांचं कापड पसंत करतात आणि महिनाभराने नळीला भोक सापडतं.

२. माझी बोट दुरुस्तीच्या लायकीची आहे की भंगारात द्यावी, हे कसं ओळखू?

बाकं फाटली, कार्पेटवर शेवाळ चढलं, डेक पायाखाली दबतो, हे सगळं बदलायचंच असतं. त्याच्याकडे बघून निर्णय घेऊ नका. बघायच्या जागा तीन: नळ्या, आडवी चॅनेलं आणि मोटर जिच्यावर लटकते ती मागची चौकट.

नळीवर बोटाच्या पेरांनी पुढून मागे ठोकत जा. रिकामी नळी घुमते, पाणी असलेल्या जागी आवाज बद्द येतो. मग टॉर्च घेऊन खाली झोपा आणि नळी ट्रेलरच्या फळ्यांवर जिथे टेकते तो भाग बघा. त्या फळ्यांवरचं ओलं कार्पेट वर्षानुवर्षं नळीला चिकटून राहतं आणि तिथे पांढरी भुकटी नि टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. खिळ्याच्या टोकाने खड्डा खरवडून पाहा. टोक रुतत गेलं तर धातू संपत आला आहे. नळीच्या माथ्यावर ब्रॅकेट जिथे वेल्ड केलेले असतात तिथे केसासारख्या चिरा शोधा. शेवटी पुढून मागे दोरी ताणून नळी सरळ आहे का ते पाहा.

दोनचार चिरा आणि थोडे खड्डे असतील तर बोट घ्यायला हरकत नाही. संपूर्ण बूड खड्ड्यांनी भरलेलं असेल किंवा नळीच वाकलेली असेल तर नाद सोडा. नळ्या लोखंडी निघाल्या तरी माझं मत सोडण्याचंच. लोखंडी नळी आतून गंजत जाते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत गोजिरा दिसतो.

वय कळायचं असेल तर मागच्या उजव्या बाजूचा ओळखक्रमांक शोधा. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून बनलेल्या बोटींवर तो १२ अक्षर-आकड्यांचा असतो, आणि १९८४ नंतरच्या पद्धतीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात.

३. नळीत पाणी सापडलं, पण बाहेरून भोक कुठेच दिसत नाही. पाणी आलं कुठून?

बहुतेक वेळा नळीनेच ते ओढून घेतलेलं असतं. उन्हात उभ्या बोटीच्या नळीतली हवा ४५ अंशांपर्यंत तापली आणि मग बोट २५ अंशांच्या पाण्यात उतरवली, तर आतली हवा आकसते आणि दाब सुमारे ६ टक्क्यांनी उतरतो. ही ओढ पाण्याच्या ६० ते ६५ सेंटिमीटर उंच स्तंभाएवढी असते. डोळ्याला न दिसणारी चीर पाण्याखाली असेल तर एवढी ओढ पुरते. दिवसा हवा बाहेर, रात्री पाणी आत, असं रोज थोडंथोडं चालतं.

काढताना बोटीचं पुढचं टोक उचलून ती मागे कलती करा. मागे बूच असेल तर काढा. नसेल तर सगळ्यांत खालच्या जागी ८ मिलिमीटरचं भोक पाडा, पुढे हवा भरायला तेच कामी येतं. एक गोष्ट हमखास विसरली जाते. पुष्कळ नळ्या आतून पडद्यांनी दोनतीन कप्प्यांत विभागलेल्या असतात. मागचा कप्पा रिकामा झाला म्हणून पुढचा कोरडा, असं समजू नका. प्रत्येक कप्पा वेगळा ठोकून बघा.

४. गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं?

पंक्चरवाल्याची युक्ती. नळीत हवा भरायची आणि वेल्डच्या शिवणींवर, ब्रॅकेटांवर, टोपणांवर साबणाचं पाणी ब्रशने लावायचं. बुडबुडे आले तिथे मार्करने गोल करायचा.

दाब किती? २ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच), आणि काही झालं तरी ३ च्या वर नाही. गाडीच्या टायरमध्ये ३० असतो, मग हे किती किरकोळ, असं वाटतं. पण २४ इंच व्यासाच्या नळीचं टोपण सुमारे ४५२ चौरस इंचांचं असतं. २ पीएसआयला त्यावर ४१० किलोंचा रेटा बसतो, ३ ला ६१५ किलोंचा. मी माझ्या पहिल्या नळीला कॉम्प्रेसर लावला, पाना शोधायला पाठ वळवली आणि मागून ‘टण्ण’ असा आवाज आला. सपाट टोपण थाळी उपडी घातल्यासारखं फुगून बाहेर आलं होतं. शिवण फाटली नाही हे नशीब, टोपण मात्र अजून तसंच फुगीर आहे. तेव्हापासून मी सायकलचा हातपंप वापरतो. एका कप्प्याला दोनतीनशे हिसके लागतात, दंड भरून येतात, पण अपघात होत नाही.

टायरचा गेज इथे उपयोगाचा नाही, ० ते ५ पीएसआयचा घ्या. चाचणी सावलीत करा. आतली हवा ५ अंशांनी तापली तरी दाब पाव पीएसआयने चढतो आणि बारीक गळती त्यात लपून जाते. तासाभरात काटा हलला नाही तर तो कप्पा पास.

५. वेल्डिंग मी स्वतः करू का? लोखंडाचं येतं मला.

लोखंडाचा हात इथे फसवतो. लोखंड वितळण्याआधी लाल होऊन सूचना देतं. अल्युमिनियम रंग न बदलता अचानक खाली गळून पडतं, आणि नळीचा पत्रा जेमतेम २ ते २.५ मिलिमीटर जाड. शिवाय त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्याही वर वितळतो, खालचा धातू ६६० लाच. थर न काढता आच दिली तर वर कातडी आणि आत पाणी, असली गत होते.

म्हणून माझा सल्ला: तयारी तुम्ही करा, टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या टोकाने, वायूच्या आवरणात केलेलं) अनुभवी माणसाकडून करून घ्या. तयारी म्हणजे फक्त अल्युमिनियमसाठी राखलेला स्टेनलेसचा तारेचा ब्रश आणि त्यानंतर ॲसिटोनची पुसणी. ॲसिटोन पूर्ण उडून गेल्याशिवाय ठिणगी जवळ आणायची नाही. ब्रेक साफ करायचे क्लोरीनयुक्त स्प्रे अजिबात वापरू नका, वेल्डिंगच्या आचेत त्यांपासून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. नळ्या बहुधा ५०५२ मिश्रधातूच्या असतात, त्यांना ५३५६ ची सळई जुळते.

आणि बूच उघडं ठेवल्याशिवाय नळीला आच लावायची नाही. कोंडलेली हवा तापून वितळलेला धातू बाहेर फेकते. ओल्या अल्युमिनियमपासून आत हायड्रोजन साचलेला असण्याचीही शक्यता असते. आधी प्रत्येक कप्प्यातून ताजी हवा खेळवून घ्या.

गॅसच्या हातातल्या ज्योतीने ४०० अंशांच्या आसपास वितळणाऱ्या सळया मिळतात. सपाट जागेवरच्या सुईएवढ्या भोकाला त्या चालतात. हिसके खाणाऱ्या ब्रॅकेटच्या चिरेवर त्या टिकत नाहीत. मरीन इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) खड्डे बुजवायला ठीक, चीर सांधायला नाही.

६. नळीला पोचे आहेत. काढावेत का?

गोलसर, गुळगुळीत पोचा तसाच राहू द्या, बोटीला त्याने काही होत नाही. घडी पडल्यासारखी धारदार रेघ असेल तर तिथे साबणाचं पाणी लावून तपासा. पोचा काढण्यासाठी नळीत हवेचा दाब वाढवायचा मोह होईल. प्रश्न ४ मधलं टोपण आठवा.

७. जुना डेक काढताना काय सांभाळायचं?

फोटो काढा, वाटतात त्याच्या तिप्पट. रेलिंगचे तुकडे सुटे न करता अख्ख्या चौकटी उचला आणि त्यांना चिकटपट्टीवर क्रमांक लिहा. बोल्ट जागेवरच गरगर फिरतात, म्हणून एकजण वर आणि एक खाली असावा. नाहीच सुटले तर खालून नट ग्राइंडरने कापा, पण त्याआधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी बोटीवरून उतरवलेली हवी. कुजलेल्या फळ्या लगेच टाकू नका. कडांच्या खाचा आणि स्टिअरिंगच्या वायरांची भोकं नव्या प्लायवर उतरवून घ्यायला त्याच नमुना म्हणून लागतात.

डेक निघाल्यावर चॅनेलांच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मापा. जुळले नाहीत तर बोल्ट सैल करून चौकट आत्ताच काटकोनात आणा, नंतर ते होत नाही.

८. डेकला कोणता प्लाय घ्यावा? ट्रीटमेंट केलेला स्वस्त पडतो.

सगळ्यांत जास्त वाद याच प्रश्नावर होतो.

ट्रीटमेंट केलेल्या लाकडात कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तांब्याची संयुगं मुरवलेली असतात. ओलावा आला की ते तांबं खालच्या अल्युमिनियमच्या चॅनेलवर उतरतं आणि चॅनेल खायला लागतं. लाकूड वाचतं, सांगाडा जातो. काही कारखान्यांनी वर्षानुवर्षं ट्रीट केलेलाच प्लाय वापरला आणि बोटी टिकल्या, हेही खरं. पण त्यांतली जुनी औषधं वेगळी होती. नंतर आलेल्या काही प्रकारांत तांब्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. वापरायचाच असेल तर लाकूड आणि चॅनेल यांच्यामध्ये रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी घाला.

मी साधा मरीन प्लाय घेतो, १८ किंवा १९ मिलिमीटरचा. ‘मरीन’ या शब्दाचा अर्थ लाकूड कुजत नाही असा नव्हे. अर्थ असा की डिंक पाण्याने सुटत नाही आणि आतल्या थरांत पोकळ्या नसतात. बीएस १०८८ हे मानक पाळणारा मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास कापलेल्या कडेकडे बघा. थरांमध्ये भोकं दिसली तर तो तक्ता परत. ८ बाय ४ फुटांचा एक तक्ता ३० किलोंच्या आसपास भरतो. पातळ घेऊन वजन वाचवू नका, चॅनेलांच्या मधल्या जागेत डेक झुलतो.

तक्ते आडवे टाका, प्रत्येक जोड चॅनेलवरच येईल असे. जोडात २ ते ३ मिलिमीटरची फट सोडा. प्लाय फुगतो. फट नसेल तर दोन कडा एकमेकींना ढकलून उचलल्या जातात आणि वरच्या आवरणाला मध्ये वरवंटा ठेवल्यासारखा उंचवटा येतो.

९. प्लायला इपॉक्सी लावू, वॉर्निश की ऑइलपेंट?

काय लावता यापेक्षा कुठे लावता याला जास्त महत्त्व आहे. पाणी पृष्ठभागातून फारसं शिरत नाही, ते कडांतून आणि भोकांतून शिरतं. पातळ इपॉक्सी कडांना दोनतीनदा पाजा, पिणं थांबेपर्यंत. बोल्टची भोकं मापापेक्षा मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने बुजवा आणि मग त्यात खऱ्या मापाचं भोक पाडा. कंटाळवाणं काम आहे, पण डेक टिकतो तो यामुळे. दोन्ही पृष्ठभागांना साधा ऑइलपेंट दिला तरी मला मान्य आहे. इपॉक्सीवर ऊन पडणार असेल तर वर आवरण हवंच, उन्हाने ती पिवळी पडून भुगा होते.

१०. स्टेनलेसचे बोल्ट अल्युमिनियमला खातात असं वाचलं. मग वापरायचे कोणते?

स्टेनलेसच. दोन धातू ओले होऊन भिडले की त्यांतला दुबळा झिजतो, आणि इथे दुबळं अल्युमिनियम. पण बोल्ट एवढासा आणि चॅनेल भलंमोठं असल्यामुळे झीज पसरून नगण्य होते. उलटा प्रकार, म्हणजे मोठ्या स्टेनलेसच्या पट्टीला अल्युमिनियमचा रिव्हेट, सहज तुटतो. गोड्या पाण्यात ३०४ प्रतीचे पुरतात, खाऱ्यात ३१६ चे. आट्यांना गंजरोधक मरीन पेस्ट लावा आणि नट हळू फिरवा. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात फिरवला तर आटे एकमेकांना चिकटून बसतात आणि मग ग्राइंडरशिवाय गत्यंतर नसतं.

११. कार्पेट की व्हिनाइल?

व्हिनाइल. कार्पेट पायाला मऊ लागतं, पण ते पाणी धरून ठेवतं आणि खालचा प्लाय कायम ओला राहतो. विणलेलं मरीन व्हिनाइल लवकर वाळतं. चिकटवताना प्लाय पूर्ण कोरडा हवा. एकदा पावसाने भिजलेला डेक ‘वरून तर वाळलाय’ म्हणून मी आवरण चिकटवलं. पहिल्याच उन्हात त्याला पुरीसारखे फुगे आले. पंधरवड्याचं काम एका दुपारी उपटलं.

१२. काळपटलेल्या नळ्या चमकवायच्या कशा? की सरळ रंग द्यावा?

आम्लाची क्लीनर सौम्य निवडा, फॉस्फरिक किंवा ऑक्झॅलिक आम्लाची. हायड्रोफ्लोरिक आम्लाची लगेच चमक आणतात, पण ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करतं, आणि दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. हातमोजे आणि चष्मा हवाच, उघड्यावर काम करा, खालून वर लावा आणि वाळू न देता धुवा. ब्लीचसोबत कुठलंही आम्ल मिसळू नका, त्यातून क्लोरीन निघतो. लोखंडी किस वापरला तर त्याचे कण रुतून गंजाचे ठिपके उमटतात.

रंग दिसायला छान, पण टिकवणं कठीण. अल्युमिनियमला साधा प्रायमर धरत नाही. एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला किंचित खाऊन धरणारा आम्लयुक्त प्रायमर, किंवा इपॉक्सी प्रायमर लागतो, तोही घासल्यानंतर त्याच दिवशी, कारण नवा ऑक्साइड लगेच चढू लागतो. शेवाळ रोखणारा तांब्याचा रंग अल्युमिनियमला कधीच नाही. कारण प्रश्न ८ मध्ये आलंच आहे.

१३. वायरिंग जुनंच ठेवू का?

कापून टाका. जुन्या वायरचं वेष्टण सोललं की आतलं तांबं काळं निघतं. नवी वायर कथिलाचा मुलामा असलेली घ्या. बॅटरीच्या धन टोकापासून ७ इंचांच्या आत मुख्य फ्यूज बसवा. आणि मोटारगाडीसारखी बोटीच्या अंगाचीच ऋण वायर करू नका. प्रत्येक दिव्याला दोन वायरी. सांगाड्यातून वीज वाहिली तर नळ्यांचा धातू पाण्यात विरघळत जातो, आणि प्रश्न २ मधल्या खड्ड्यांसाठी वर्षं थांबावं लागत नाही.

दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि १२ मीटरपेक्षा छोट्या बोटीला चोहीकडून दिसणारा एक पांढरा. पांढरा दिवा छताच्या खांबाआड जाणार नाही एवढ्या उंचीवर हवा.

१४. मोटर बरीच वर्षं बंद आहे. चालू करून बघू?

आधी जुनं पेट्रोल काढा, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर बदला, गिअरचं तेल बघा. तेल दुधाळ असेल तर सीलमधून पाणी शिरलंय. पाण्याचा पुरवठा जोडल्याशिवाय काही सेकंदही चालवू नका. दुसरी मोटर घेणार असाल तर शाफ्टची लांबी आधी मापा. १५, २० आणि २५ इंच अशी मापं असतात आणि पाँटूनला बहुधा २० चं लागतं.

१५. बाकांचं काय?

लाकडी सांगाडा कुजला असेल तर प्लास्टिकचे साचेबद्ध सांगाडे घ्या. शिलाईला उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा धागा, स्टेपल स्टेनलेसच्या. हे काम सगळ्यांत शेवटी.

१६. नळ्यांत फोम भरला तर गळतीची कटकटच मिटेल ना?

मिटत नाही, कायमची आत कोंडली जाते. ओतायचा फोम कालांतराने पाणी पितो आणि ते बूच काढून निघत नाही. अल्युमिनियमला आतून सतत ओलं फडकं बांधल्यासारखं होतं. त्यानंतर वेल्डिंगही संपलं, कारण जळणारा पॉलियुरेथेन अतिशय विषारी धूर सोडतो. आधीच फोम भरलेली बोट स्वस्तात मिळत असेल तर ती स्वस्त का आहे, हे तुम्हाला कळलंच.

१७. गळती नाही, तरी बोट एका बाजूला कलते. का?

आधी वजनं मोजा. बॅटरी, भरलेली टाकी आणि चालवणाऱ्याची खुर्ची बहुधा एकाच बाजूला असतात. बॅटरी विरुद्ध बाजूला नेली तर पुष्कळदा काम होतं. तरीही कलते? मग कप्पे ठोकून बघा (प्रश्न ३). जुनं पाणी एखाद्या मधल्या कप्प्यात राहिलेलं असतं आणि चीर पाण्याच्या रेषेच्या वर असल्यामुळे ‘गळत’ मात्र नसतं. बोट मागेपुढे कलती केली की आत खळखळ ऐकू येते.

१८. तिसरी नळी लावून मोठी मोटर बसवता येईल? आणि वर दुसरा मजला?

तिसऱ्या नळीने उचल वाढते. २४ इंच व्यासाची, २० फुटांची नळी पूर्ण बुडाली तर सुमारे १,७८० किलो तोलते. पण मोटरचा रेटा नळी घेत नाही, मागची चौकट आणि चॅनेलं घेतात. बोटीवरच्या पाटीत जितक्या अश्वशक्तीची मुभा आहे, ती नळी वाढवून आपोआप वाढत नाही.

दुसऱ्या मजल्याला माझं उत्तर नाही असंच आहे. पाँटून बोट सपाट आणि रुंद असल्याने घट्ट वाटते, पण माणसं वर चढली आणि सगळी एका बाजूला काहीतरी बघायला धावली की गणित बदलतं. कापडाचं छत हवं तेवढं लावा.

१९. खाऱ्या पाण्यात चालेल का?

चालेल, पण धुण्याची शिस्त हवी. नळ्यांना ॲनोड, म्हणजे झीज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे, बसवा: खाऱ्या पाण्यात जस्ताचे किंवा अल्युमिनियमचे, गोड्यात मॅग्नेशियमचे. ॲनोडला रंग लावू नका; रंगवलेला ॲनोड नुसतं वजन. तो निम्मा झिजला की बदला. वर्षभरात अजिबात झिजला नाही तर खूश होऊ नका, त्याची जोडणी तुटलेली असते.

२०. सगळं झालं. पहिल्यांदा पाण्यात उतरवताना काय बघू?

बुचं बसवली का, ते. हसू नका, मी एकदा विसरलो आहे.

बाकं न बसवता, शांत पाण्यात, दोघंच चढा. नळ्या पाण्यात कुठपर्यंत बसतात तिथे दोन्ही बाजूंना पुढे-मागे चिकटपट्टी लावा. काही तास बोट बांधून ठेवा आणि पट्ट्या परत बघा. मग ट्रेलरवर घेऊन, पुढचं टोक उचलून, प्रत्येक बुचाखाली एक भांडं धरा.